व्हिंटेज गिटार शो : आता जाण्यात अर्थ उरलाय का, आणि जायचं तर तयारी काय? (मंचावरची चर्चा; प्रत्येक भागाच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

सहावी तार

अमेरिकेतल्या व्हिंटेज गिटार शोला जायचा बेत पक्का होतोय, बहुतेक टेक्सासमधल्याच. शोधतोय ती १९६० ते १९६४ मधली फेंडर स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) ही इलेक्ट्रिक गिटार. रंग नंतर दिलेला असला तरी चालेल, पण नेक (तारांखालचा लांब दांडा), पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं) आणि वायरिंग मूळचं हवं. दुसरा पर्याय म्हणून त्याच काळातली गिब्सन ईएस-३३५ डोक्यात आहे.

जुनी मंडळी सांगतात की आता पूर्वीसारखं राहिलं नाही, चांगला माल ऑनलाइनच विकला जातो आणि टेबलांवर पेडल्सच (आवाज बदलणाऱ्या छोट्या पेट्या) जास्त दिसतात. नेमकं काय बदललंय? आणि गेलोच तर त्या गोंगाटात दहा-पंधरा मिनिटांत गिटार खरी आहे की तुकडे जोडून केलेली आहे, हे कसं तपासायचं? सोबत काय न्यावं, कुठल्या वेळी जावं, भाव किती खाली येऊ शकतो, जे माहीत असेल ते सविस्तर सांगा.

---

केस उघडा

सगळ्यात मोठा बदल भावाच्या माहितीत झालाय. डॅलसचा शो १९७८ साली सुरू झाला तेव्हा आणि त्यानंतरची बरीच वर्षं भाव कळायचे ते विक्रेत्यांच्या टपालाने येणाऱ्या याद्यांमधून, फोनवरून आणि प्रत्यक्ष शोमध्ये. ज्याचा अभ्यास होता त्याला शेजारच्या टेबलावरची गिटार निम्म्या भावात मिळू शकायची. मांडामांडीच्या दिवशी, दारं उघडण्याआधीच, एकच गिटार दोन-तीन टेबलं फिरून यायची आणि दर वेळी भाव वाढायचा. १९८० आणि ९० च्या दशकांत जपानी खरेदीदार रोख घेऊन यायचे, त्यामुळे शनिवारी सकाळी आत शिरणाऱ्या साध्या गिऱ्हाइकापर्यंत उत्तम माल फारसा पोचतच नसे. तेव्हा 'जुने दिवस' सगळ्यांसाठी सारखेच चांगले होते असं समजू नका.

ईबे १९९५ मध्ये आलं, रिव्हर्ब ही वाद्यविक्रीची वेबसाइट २०१३ मध्ये. आता आजोबांची गिटार घेऊन दारात उभा राहणारा माणूसही आधी फोनवर भाव बघून आलेला असतो. पंचाईत अशी की तो बघतो ती मागितलेली किंमत, आणि तीही बहुधा त्याच मॉडेलच्या सगळ्यात कोऱ्या नमुन्याची. म्हणून जाण्याआधी तुमच्या मॉडेलच्या *विकल्या गेलेल्या* गिटारींचे भाव उतरवून ठेवा. मूळ रंग, दुसरा रंग आणि बदललेले भाग असे तीन वेगळे रकाने करा. बाजाराचा ढोबळ हिशेब असा की पुन्हा रंगवलेल्या गिटारीला मूळ रंगाच्या निम्म्याच्या आसपास भाव येतो. मोडून सांधलेल्या गिब्सनच्या हेडस्टॉकचंही (नेकच्या टोकाच्या भागाचंही) साधारण तसंच. फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बदललेले असले तर मात्र भाव फारसा पडत नाही, काम नीट झालेलं असलं म्हणजे झालं.

पेडल्सचं म्हणता ते बरोबर आहे. नवे छोटे कारागीर, हाताने बनवलेले अँप, पट्टे, पेडल्स यांची टेबलं खूप वाढलीत, आणि लाखभर डॉलरचा माल विक्रेते घरीच ठेवून फोनवर फोटो दाखवतात. पण त्याचबरोबर सुट्या भागांची टेबलंही वाढली आहेत. त्या काळातले पॉट (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचे भाग), स्विच, ट्यूनर, पिकगार्ड तिथे हातात घेऊन बघता येतात, आणि जिचा एखादाच भाग बदललाय अशी गिटार घेणाऱ्यासाठी हे सोयीचं आहे.

आणि फोटोत न येणारी गोष्ट म्हणजे नेकची जाडी. साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या स्ट्रॅटचे नेक एकाच वर्षात सुद्धा सारखे नसतात. कुठला पहिल्या फ्रेटपाशी चपटा, तर कुठला सातव्यानंतर एकदम भरलेला. शोमध्ये तासाभरात अशा पाच-सहा गिटारी एकामागून एक हातात घेता येतात. आज शोला जायचं ते यासाठी, आणि गिटार उघडून बघता येते यासाठी. किंमत न कळणाऱ्या विक्रेत्याकडून स्वस्तात काही मिळेल ही आशा धरून जाऊ नका.

वेळेचं म्हणाल तर लवकर प्रवेशाचं तिकीट मिळत असेल तर घ्या आणि पहिला तास थेट मागच्या भिंतीकडच्या छोट्या टेबलांवर घालवा. मोठ्या विक्रेत्यांचा माल वेबसाइटवर दिसतो, छोट्यांचा दिसत नाही. हातात केस आणि तारांमध्ये खोचलेली किमतीची चिठ्ठी घेऊन फिरणारी माणसंही त्याच वेळात भेटतात. शनिवारी दुपारी तपासणी नीट होत नाही, आवाज आणि गर्दी दोन्ही जास्त. घासाघीस करायची तर रविवारी दुपारी, शेवटच्या दोन तासांत.

किंमत कमी करायला सांगताना कारण द्या. ऑनलाइन विकलं तर विक्रेत्याला वेबसाइटचं कमिशन, कार्डाची फी, खोका, कुरिअर, विमा आणि परत येण्याची धास्ती असते. टेबलावर विकलं तर यातलं काहीच नाही. 'हा खर्च वाचतोय, त्यातला वाटा मला द्या' हे बोलणं कुणाला खटकत नाही. गिटारीला नावं ठेवून भाव पाडायचा प्रयत्न मात्र तिथे अजिबात चालत नाही.

रीतभात थोडक्यात: विचारल्याशिवाय गिटार उचलायची नाही. कमरेच्या पट्ट्याचं बकल आणि जॅकेटची चेन झाकून घ्यायची. दुसऱ्याच्या हातात गिटार असेल तर तो ती खाली ठेवेपर्यंत भावाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. आणि अँपचा आवाज चढवायचा नाही. बॅटरीवर चालणारं हेडफोन अँप जवळ ठेवा, तेवढ्यात सगळं कळतं.

---

चार स्क्रू

स्ट्रॅटपुरतं लिहितो. दहा-पंधरा मिनिटं असतील तर त्यातली निम्मी नेकच्या मुळाशी द्या.

आधी विक्रेत्याला विचारा की नेक काढून दाखवाल का, आणि ते काम त्यालाच करू द्या. गंभीर विक्रेता नाही म्हणत नाही. म्हणालाच तर आधी काढलेले फोटो मागा, तेही नसतील तर पुढच्या टेबलावर जा. तारा पूर्ण ढिल्या करून पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, म्हणजे त्या ट्यूनरच्या खुंट्यांवरून सुटत नाहीत. दोन नंबरचा फिलिप्स बिट, वरून भरपूर दाब, मग चारही स्क्रू. नेक सरळ वर उचलायचा. अडकत असेल तर थांबायचं, कारण लॅकर नेक बसतो त्या खाचेच्या काठाला चिकटलेला असतो आणि नेक बाजूला हलवला की काठावरचा रंग टवका होऊन उडतो. खाचेत पातळ पट्टी ठेवलेली असेल तर ती कुठे आणि कशी होती याचा फोटो आधी काढा.

आता नेकच्या मुळाशी बघा. १९६२ च्या वसंतापर्यंत तारीख पेन्सिलने असते, महिना आणि वर्ष. त्यानंतर शिक्का येतो, उदाहरणार्थ '२ एनओव्ही ६२ बी'. इथे हमखास चूक होते. सुरुवातीचा २ हा दिवस नाही, तो स्ट्रॅटोकास्टरचा मॉडेल क्रमांक आहे. शेवटचं अक्षर नटची (हेडस्टॉकपाशी तारा ज्यावरून जातात त्या पट्टीची) रुंदी सांगतं, बी म्हणजे १ ५/८ इंच. 'दोन नोव्हेंबरला बनलेली' असं सांगणारा विक्रेता खोटारडा असेलच असं नाही, पण त्याला जुन्या फेंडरची पुरेशी माहिती नाही एवढं नक्की. ही तारीख नेकची आहे, पूर्ण गिटारीची नाही. जोडणी काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी झालेली असू शकते.

नेक हातात आहे तोवर टोकाकडून रोझवूडच्या फिंगरबोर्डचा (तारांखालच्या फळीचा) नेकशी असलेला जोड बघा. १९५९ पासून १९६२ च्या मध्यापर्यंत जोडाची रेघ सरळ असते, फिंगरबोर्ड जाड आणि खालून सपाट. त्यानंतर खालची बाजू वक्र होते आणि रेघ कमानीसारखी दिसते. शिक्का १९६३ च्या शेवटचा आणि रेघ सरळ, म्हणजे काहीतरी जुळत नाही. फिंगरबोर्डवरचे ठिपके मातकट, चमक नसलेले हवेत. मोत्यासारखे चमकणारे ठिपके १९६४ च्या शेवटाकडे येतात. ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या सळईचा) आवळायचा नट याच टोकाला असतो, तोही बघून घ्या. नट पूर्ण आवळलेला आणि नेक तरीही पुढे वाकलेला असेल तर दुरुस्ती मोठी आहे. वाकण्याची तपासणी मात्र नेक काढण्याआधी, तारा ताणलेल्या असतानाच करायची: पहिल्या फ्रेटवर कॅपो, शेवटच्या फ्रेटवर बोट, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली साधारण पाव मिलिमीटर जागा.

मग रिकाम्या खाचेत टॉर्च मारा. त्या काळात बॉडीला खालून छोटे खिळे ठोकून रंग द्यायचे आणि वाळल्यावर खिळे उपटायचे. म्हणून मूळ रंगाच्या बॉडीवर, पिकगार्डखाली आणि आसपास, खिळ्यांची बारीक छिद्रं असतात आणि छिद्राच्या आत रंग नसतो, कोरडं लाकूड दिसतं. छिद्रात रंग उतरलेला असेल तर तो नंतर दिलेला. छिद्रंच नसतील तर ती बुजवून रंगवलेली असू शकतात, किंवा बॉडीच नंतरची. तुम्हाला नंतरचा रंग चालणार आहे, पण मग बॉडी मूळची आहे याचा पुरावा हाच, म्हणून बुजवलेल्या छिद्रांच्या खुणा शोधाच. साठच्या दशकाच्या सुरुवातीला रंगवताना धरायला खाचेत काठी स्क्रूने बसवू लागले, तिच्या जागी रंग न लागलेला पट्टा राहतो. त्याआधीच्या गिटारीत खाच पूर्ण रंगलेली असणं हे दोषाचं लक्षण नाही.

नेक परत बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवायचा. जुन्या आट्यात तो 'टक' करून खाली बसतो, तेव्हाच आवळायला सुरुवात. हे न करता सरळ आवळला तर लाकडात नवा आटा पडतो आणि दोन-चार वेळांत भोक सैल होतं. विक्रेता हे कसं करतो ते बघा, त्याच्याकडच्या बाकीच्या गिटारी कशा हाताळल्या गेल्या असतील हे तिथेच कळतं.

नेक प्लेटवरच्या सीरियल नंबरवर फार विसंबू नका. प्लेट चार स्क्रूंनी लावलेली असते, ती कुठूनही येऊ शकते.

पिकगार्ड उघडायला सांगताना जपून. १९५९ ते १९६४ चा अकरा स्क्रूंचा पिकगार्ड सेल्युलॉइडचा, आणि सेल्युलॉइड वर्षानुवर्षं आकसत जातं. त्यामुळे काठाचे स्क्रू तिरके झालेले दिसतात आणि पिकअपच्या कोपऱ्यांपासून चिरा निघतात. स्क्रू सोडवला की ताण सुटतो, परत लावताना भोक जागेवर येत नाही आणि नेमकी तेव्हा चीर पडते. हिरवट झाक, आकसलेला काठ आणि तिरके स्क्रू हे सगळं एकत्र दिसलं तर पिकगार्ड मूळचा असण्याची शक्यता दाट. असा पिकगार्ड विक्रेत्याने टेबलावर उघडू दिला नाही तर ते योग्यच आहे, आतले फोटो मागा.

---

गार सांधा

वरच्याला जोडून, पिकअप आणि वायरिंगबद्दल. पिकगार्ड न उघडता सुद्धा अर्धी तपासणी होते.

मल्टिमीटर (विजेचा रोध मोजणारा मीटर) २० किलोओहमच्या पट्टीवर ठेवा. गिटारीच्या जॅकमध्ये साधी केबल लावा आणि दुसऱ्या टोकाच्या प्लगवर मीटरच्या सुया टेकवा, एक टोकावर आणि एक दांड्यावर. व्हॉल्यूम पूर्ण १० वर हवा, नाहीतर पॉटचा रोध त्यात मिसळतो. आता स्विच फिरवत तिन्ही पिकअप वाचा. त्या काळातल्या स्ट्रॅटचे पिकअप साधारण ५.५ ते ६.५ किलोओहम देतात. मीटर पिकअप आणि २५० किलोओहमचा व्हॉल्यूम पॉट समांतर जोडलेले वाचतं, म्हणून खऱ्या ६.०० ऐवजी ५.८६ दिसेल. टोनच्या वाटेत कॅपॅसिटर असल्याने तो यात येत नाही.

एखाद्या पिकअपवर मीटर पहिल्या पट्टीत काहीच दाखवत नसेल तर पट्टी वाढवा. २५० च्या आसपास आकडा आला तर त्या पिकअपची तार तुटलेली आहे आणि तुम्ही नुसता पॉट वाचताय. शून्य आलं तर आधी केबल आणि व्हॉल्यूम तपासा, मग शॉर्टचा संशय घ्या.

दशांशावरून भांडू नका. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.३९ टक्के बदलतो. थंड गाडीतून नुकतीच आत आणलेली, दहा अंशांनी गार गिटार ६.०० च्या जागी ५.७७ दाखवेल. तिन्ही पिकअप एकमेकांच्या जवळपास आहेत ना, हे जास्त महत्त्वाचं.

खिशात छोटं होकायंत्र ठेवा. साठच्या दशकातल्या स्ट्रॅटमध्ये तिन्ही पिकअपची ध्रुवता एकच असते. होकायंत्र पिकअपवर धरल्यावर मधल्या पिकअपपाशी सुई उलटी फिरली, तर तो मधला पिकअप बहुधा नंतरच्या काळातला, कारण गुणगुण कमी करण्यासाठी मधला उलटा गुंडाळण्याची पद्धत खूप उशिरा आली. तपासणीला अर्धा मिनिट लागतो आणि एकही स्क्रू सोडावा लागत नाही.

पिकगार्ड उघडलाच तर पुढचं बघा. पिकअपचा तळ काळ्या फायबरचा हवा, करडा तळ १९६४ च्या शेवटानंतर येतो. तळाला बोट लावून ढकलू नका; तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते आणि तळ जरा सरकला तरी केसाएवढी बारीक तार तुटते. पॉटच्या पाठीवर किंवा कडेवर आकडे असतात. '३०४ ६२४७' म्हणजे ३०४ हा स्टॅकपोल कंपनीचा क्रमांक, १९६२ साल, ४७ वा आठवडा. १३७ असेल तर सीटीएस. पन्नाशीच्या दशकात वर्षाला एकच आकडा असायचा, '३०४ ७३१' म्हणजे १९५७ चा ३१ वा आठवडा. पॉटची तारीख एवढंच सांगते की गिटार त्याआधी तयार झालेली नाही. उलट बाजूने धरता येत नाही: सीबीएस कंपनीने जानेवारी १९६५ मध्ये फेंडर विकत घेतल्यावर पॉट इतक्या मोठ्या प्रमाणात खरेदी झाले की १९६६ चे पॉट १९६९ च्या गिटारीतही सापडतात.

सोल्डरबद्दल सगळे सांगतात की जुना सांधा मळका, राखाडी असतो आणि नवा चकचकीत. हे अर्धंच खरं. आजचं शिसेविरहित सोल्डर पहिल्या दिवसापासूनच निस्तेज, दाणेदार दिसतं, त्यामुळे नुसता रंग बघून फसाल. सांध्याच्या कडेला बघा. मूळ सांध्याभोवती फ्लक्सचा (सोल्डर धरायला लावलेल्या द्रव्याचा) तपकिरी, कडक झालेला थर असतो आणि त्यावर सोल्डरइतकीच जुनी धूळ बसलेली असते. नंतर गरम केलेल्या सांध्यात हा थर वितळून पसरतो किंवा पुसलेला दिसतो, आणि वायरचं कापडी आवरण टोकाला करपतं. पॉटच्या पाठीवर एका गोळ्याखाली दुसऱ्या जुन्या गोळ्याची कड दिसली, तर तिथे काहीतरी सुटून परत लागलंय.

---

सहावी तार

मनापासून आभार, मॉडेल क्रमांकाचं अजिबात माहीत नव्हतं. गार सांधा, होकायंत्राची युक्तीही भारी. ३३५ मध्ये हे सगळं कसं करायचं? पाठीमागे झाकणच नसतं ना. आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्चचा खरंच उपयोग होतो का?

---

पोकळ पेटी

३३५ चं वायरिंग बाहेर काढून दाखवा असं शोमध्ये म्हणू नका. ते एफ-आकाराच्या भोकातून ओढून काढावं आणि परत बसवावं लागतं, टेबलावर करायचं काम नव्हे. दंतवैद्याचा छोटा आरसा आणि बारीक टॉर्च त्याच भोकातून आत घाला.

पहिलं काम मोजपट्टीचं. गिब्सनने १९६१ ते १९६९ मध्ये सीरियल नंबर पुन्हा पुन्हा वापरले, एकच नंबर दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांत सापडतो. म्हणून नंबरवरून वर्ष ठरत नाही, नटच्या रुंदीवरून बरंच ठरतं. १९६५ च्या सुरुवातीपर्यंत १ ११/१६ इंच, म्हणजे जवळपास ४३ मिलिमीटर. त्यानंतर १ ९/१६, म्हणजे ४० च्याही किंचित खाली. टेबलावर '१९६४' लिहिलेलं असेल आणि पट्टीवर ४० दिसलं, तर वर्ष चुकीचं आहे आणि भावही. १९६४ च्या शेवटापासून ब्रिजमागचा आडवा पक्का टेलपीस (तारा अडकवायचा भाग) जाऊन झोक्यासारखा लांब टेलपीस आला. काही लोकांनी पुढे तो काढून आडवा बसवला, म्हणून बॉडीच्या बुडाशी, पट्ट्याच्या बटणाजवळ, बुजवलेली स्क्रूची भोकं शोधा.

दुसरं, हेडस्टॉक. नटच्या मागच्या बाजूला नख हलकेच दोन्ही दिशांनी फिरवा, अडकलं तर थांबून बघा. मग मागे ठोकलेले सीरियलचे आकडे तिरप्या उजेडात तपासा. मूळ लॅकर असेल तर आकड्यांच्या कडा धारदार दिसतात. मोडलेला हेडस्टॉक सांधून, घासून, परत लॅकर मारला असेल तर आकडे उथळ होतात आणि त्यांच्या तळाशी लॅकर साचलेला दिसतो. मोडीची रेघ झाकता येते, हे साचलेपण झाकणं अवघड असतं. एफ-भोकातून आत नारिंगी लेबल दिसेल, त्यावरचा नंबर हेडस्टॉकशी जुळवा.

तिसरं, पिकअप. तारा ढिल्या करून रिंगचे चार स्क्रू काढले की पिकअप वर उचलता येतो, पण वायर आखूड असते, ओढायचं नाही. पाठीवर १९५७ पासून 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी चिकटपट्टी, आणि १९६२ च्या सुमारापासून पेटंट क्रमांक २,७३७,८४२ असलेली. गंमत अशी की हा क्रमांक पिकअपचा नाहीच, तो गिब्सनच्या एका टेलपीसचा आहे. हा पिकअप, म्हणजे हंबकर, बनवणाऱ्या सेथ लव्हरचं खरं पेटंट २,८९६,४९१. म्हणजे चिकटपट्टीवर 'बरोबर' क्रमांक दिसला तर ती खोटी. सोनेरी मुलामा असलेल्या भागांवर जुनी चिकटपट्टी १९६२ नंतरही आढळते, ते पिकअप कमी खपायचे म्हणून साठा उरायचा. धातूचं आवरण उघडायला सांगू नका आणि विक्रेत्याने आपणहून दाखवायला घेतलं तरी थांबवा. आवरणाचं मूळ सोल्डर शाबूत असणं याचीच वेगळी किंमत असते. मीटरवर ७ ते ९ किलोओहमच्या दरम्यान यावं. पॉट ५०० किलोओहमचे, त्यामुळे फरक कमी पडतो, ७.८ चे ७.६८ दिसतात. स्विच मध्ये ठेवला की दोन्ही समांतर होऊन साधारण निम्मं दिसतं, ते पाहून दचकू नका.

अल्ट्राव्हायोलेट टॉर्च उपयोगी आहे, ३६५ नॅनोमीटरचा घ्या. ३९५ चा जांभळा उजेडच इतका पडतो की चमक कळत नाही. जुना नायट्रोसेल्युलोज लॅकर हिरवट-पिवळट, दुधाळ चमकतो. नंतर मारलेला भाग गडद किंवा जांभळट डागासारखा वेगळा उठून दिसतो. हॉलच्या दिव्यांखाली काहीच दिसणार नाही, म्हणून गिटार केसमध्ये ठेवून केसच्या झाकणावरून जॅकेट टाका आणि आत डोकं घाला. लोक बघतात, बघू द्या. एवढं ध्यानात ठेवा की हाताच्या घामाने झिजलेली जागा आणि मेणाचं पॉलिशही वेगळं दिसतं. म्हणून डाग कुठे आहे ते महत्त्वाचं. नेकच्या मागे, जिथे अंगठा फिरतो तिथला गडद पट्टा साहजिक आहे. हेडस्टॉक आणि नेकच्या सांध्यावर, काठ रेखीव असलेला गडद पट्टा साहजिक नाही.

---

पावती ठेवा

पैसे आणि कागदपत्रांचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

टेक्सासमध्ये राज्याचा विक्रीकर ६.२५ टक्के आणि स्थानिक धरून जास्तीत जास्त ८.२५. दहा हजार डॉलरच्या गिटारीवर ८२५ डॉलर होतात, भाव ठरवतानाच 'करासकट की वेगळा' हे विचारा. दहा हजार डॉलरपेक्षा जास्त रोख घेतली तर विक्रेत्याला फॉर्म ८३०० भरून ती कळवावी लागते, तुमची ओळख त्यात जाते. यात गैर काही नाही. हे टाळण्यासाठी रक्कम तुकड्यांत देणं मात्र गुन्हा आहे. परदेशातून येताना दहा हजारांहून जास्त रोख आणली तर विमानतळावर जाहीर करायची. आता बरेच विक्रेते बँक ट्रान्सफर घेतात, तेच बरं.

पावतीवर फक्त 'जुनी फेंडर' नको. मॉडेल, सीरियल, नेकवरचा शिक्का, पॉटचे आकडे, काय मूळचं आणि काय बदललेलं, आणि याहून वेगळं निघालं तर किती दिवसांत परत घेणार, हे सगळं विक्रेत्याच्या सहीसकट हवं. त्याच टेबलावर उभं राहून नेकच्या मुळाचा, खाचेचा आणि पॉटचा फोटो काढा.

गिटार अमेरिकेबाहेर न्यायची असेल तर लाकूड आडवं येतं. तुम्ही शोधताय त्या स्ट्रॅटचा आणि ३३५ चा फिंगरबोर्ड बहुधा ब्राझिलियन रोझवूडचा, आणि ते १९९२ पासून साइटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना जी सूट मिळाली ती बाकीच्या रोझवूडना, ब्राझिलियनला नाही. इथे भलेभले चुकतात, विक्रेते सुद्धा 'आता नियम उठला' असं खुशाल सांगतात. अमेरिकेच्या आत एका राज्यातून दुसऱ्यात नेताना साइटिसचा कागद लागत नाही. बाहेर नेताना मात्र लाकूड १९९२ च्या आधीचं आहे हे दाखवून यूएस फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते शोच्या दोन दिवसांत मिळत नाही, काही आठवडे धरा. तोवर गिटार अमेरिकेतच कुणाकडे तरी ठेवायची सोय आधी करा आणि जिथे न्यायची तिथल्या कस्टमचे नियमही आधीच विचारून घ्या. वर सांगितलेली, वर्षाच्या खुणा लिहिलेली पावती या अर्जासोबत कामी येते.

देशांतर्गत विमानात अमेरिकी विमान कंपनीने गिटार केबिनमध्ये घेतली पाहिजे, पण चढताना वरच्या कप्प्यात जागा असेल तरच. नियम २०१५ पासून लागू आहे. म्हणून लवकर चढण्याची रांग विकत घ्या. ७ इंचांपर्यंतचे स्क्रू-ड्रायव्हर हातातल्या बॅगेत चालतात, त्याहून लांब चालत नाहीत. टॉर्चची सुटी लिथियम बॅटरी उलट हातातल्या बॅगेतच हवी.

---

चार स्क्रू

गार सांधा यांचं शिसेविरहित सोल्डरबद्दलचं बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं.

बॅगेत काय न्यावं ते विचारलं होतं: दोन नंबरचा आणि एक नंबरचा फिलिप्स, ६ इंची स्टीलची पट्टी, कॅपो, मीटर, एक आखूड केबल, हेडफोन अँप, छोटा आरसा, साधा टॉर्च, ३६५ चा टॉर्च, होकायंत्र, मऊ सुती फडकं. स्क्रू ठेवायला झाकणाची छोटी डबी विसरू नका. टेबलावरून घरंगळलेला मूळ स्क्रू शोच्या गालिच्यात सापडत नाही, आणि त्या काळचा एकेक स्क्रू सुट्या भागांच्या टेबलावर पैसे मोजून घ्यावा लागतो.